एनएसएस शिबिरात गटप्रमुख घडवताना या चुका टाळा

राष्ट्रीय सेवा योजना (एनएसएस) १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात सुरू झाली. दोन वर्षांत २४० तास काम आणि दत्तक गावात सात दिवसांचं शिबिर, हा त्यातला नेहमीचा भाग. कार्यक्रम अधिकारी म्हणून मी पहिलं शिबिर काढलं तेव्हा माईकवर झकास बोलणाऱ्या पोराला गटप्रमुख करून टाकलं. वनराई बंधाऱ्यावर, म्हणजे मातीच्या गोण्या रचून ओढ्यात घालायच्या बांधावर, बाकीचे गोण्यांत माती भरत होते आणि हा कमरेवर हात ठेवून 'अरे, इकडे लावा' करत होता. तिसऱ्या दिवशी पोरं त्याला 'साहेब' म्हणायला लागली. कौतुकाने नव्हे.

म्हणून पहिल्याच दिवशी कुणाला नेमू नका. पिण्याच्या पाण्याचं पिंप रिकामं झालं की न सांगता कोण उठतं, ते दोन दिवस बघा. मग पद रोज फिरवा. लाजरी मुलंही तयार होतात.

माझी दुसरी चूक याहून वाईट. एके दिवशी मातीचा ट्रॅक्टर आलाच नाही. काम झालं जेमतेम दोन तास. दुसऱ्या दिवशी रजिस्टरमध्ये मी चार लिहिले. एक मुलगी म्हणाली, "सर, काल तर आपण बसूनच होतो ना?" मी म्हटलं, "असू दे गं, तास भरायला हवेत." ती गप्प बसली. रात्री रोजनिश्या तपासल्या तर तिच्यासकट सगळ्यांचे चार तास! त्याच संध्याकाळी प्रामाणिकपणावर बौद्धिक झालं होतं, वक्ते चांगले होते.

असं झालंच तर गुपचूप खाडाखोड करू नका. सगळ्यांसमोर आकडा खोडा, शेजारी सही करा आणि का खोडला ते सांगा. मला हे करायला दोन दिवस लागले.

मुली चुलीपाशी आणि मुलं बंधाऱ्यावर, ही वाटणी तर आपोआपच होते. चिठ्ठ्या टाका, विषय संपतो. पोळ्या जाड होतील, होऊ देत.

आता किराणा-भाजीचा हिशेब मी रोज रात्री शाळेच्या व्हरांड्यातल्या फळ्यावर लिहितो. मागच्या शिबिरात पाचव्या दिवशी एका पोराने गूळ दोनदा लिहिल्याचं पकडलं. लिहिणारा मीच होतो. त्याने खडू उचलला, एक ओळ पुसली आणि बेरीज पुन्हा केली.