अंगावरून वारे गेले, तर मेंदूत कुठे काय बिघडले हे घरच्यांनी कसे ओळखावे

बेळगाव, खानापूर, निपाणी या आपल्या भागात "अंगावरून वारं गेलं" असे म्हणतात, शेजारचा कन्नड माणूस त्यालाच "पार्श्ववायू" म्हणतो आणि दवाखान्याच्या कागदावर "स्ट्रोक" असे लिहिलेले असते. घटना एकच आहे. परंतु नावात वारा आणि अंग असल्यामुळे आजार हातापायात आहे अशी समजूत होते आणि तेल चोळण्यात, कबुतराचे रक्त लावण्यात, कोणा जाणत्याकडून झाडपाला आणण्यात मोलाचे तास निघून जातात. हात आणि पाय दोन्ही शाबूत असतात. मेंदूकडे जाणारी एखादी रक्तवाहिनी गुठळीने बंद झालेली असते किंवा फुटलेली असते, आणि तिच्यावर पोसला जाणारा मेंदूचा भाग ज्या कामाचा, तेवढेच काम अचानक थांबते. म्हणून कोणते काम थांबले हे नीट पाहिले, की मेंदूत कुठे बिघाड झाला याचा बराच अंदाज घरच्या माणसालाही येतो. डॉक्टरांना रुग्ण फक्त झटक्यानंतरचा दिसतो; तो काल कसा होता हे घरच्यांनाच ठाऊक असते, आणि निदानात या माहितीला फार मोल आहे.

आधी घड्याळ

मेंदूचे वजन जेमतेम १.३ ते १.४ किलो, म्हणजे शरीराच्या सुमारे २ टक्के, परंतु शरीराला मिळणाऱ्या प्राणवायूपैकी जवळजवळ २० टक्के तो एकटा वापरतो आणि साठा म्हणून काहीच ठेवत नाही. मोठी रक्तवाहिनी बंद पडली, तर दर मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी मरतात, असा हिशेब तज्ज्ञांनी मांडलेला आहे. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते. काही निवडक रुग्णांत मोठ्या वाहिनीतली गुठळी तारेने काढण्याचा उपचार २४ तासांपर्यंत करता येतो, पण त्या मुदतीवर विसंबून घरी बसू नये.

हे साडेचार तास "आमच्या लक्षात आले" तेव्हापासून धरले जात नाहीत. रुग्णाला शेवटचे धडधाकट कोणी पाहिले, तेव्हापासून ते मोजतात. सकाळी सहाला उठल्यावर तोंड वाकडे दिसले आणि रात्री दहाला तो व्यवस्थित बोलून झोपला असेल, तर डॉक्टरांना रात्री दहा हीच वेळ सांगावी. मध्यरात्री पाणी प्यायला उठून बायकोशी दोन शब्द बोलला असेल, तर तीही वेळ सांगावी. त्या एका आठवणीने उपचाराचे दार उघडू शकते.

लगेच १०८ ला फोन करावा आणि जिथे सीटी स्कॅनची सोय आहे अशाच ठिकाणी थेट जावे. निपाणीकरांना बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ आहे. खानापूरकरांना बेळगाव सव्वीसेक किलोमीटर आहे. राज्य कोणते, याचा विचार त्या घडीला मनात आणू नये. वाटेत पाणी, चहा, गोळी, काहीही तोंडात घालू नये, कारण गिळण्याचे नियंत्रण मस्तिष्कस्तंभाकडे, म्हणजे मेंदूला मज्जारज्जूशी जोडणाऱ्या देठाकडे असते आणि ते बिघडले असेल तर घोट सरळ फुप्फुसात जातो. रक्त पातळ करणारी गोळीही आपल्या मनाने देऊ नये. वाहिनी बंद झाली आहे की फुटली आहे हे स्कॅनशिवाय कोणालाही सांगता येत नाही, आणि फुटली असेल तर तीच गोळी घात करते. रुग्णाला मधुमेह असेल आणि घरी साखर मोजण्याचे यंत्र असेल, तर साखर तेवढी पाहावी, कारण साखर फार उतरली तरी हुबेहूब अशीच लक्षणे दिसतात.

पाच-दहा मिनिटांत सगळे पूर्ववत झाले तरी दवाखाना टाळू नये. गुठळी तात्पुरती सरकल्याची ती खूण असते आणि पुढच्या दोन दिवसांत मोठा झटका येण्याचा धोका सर्वांत जास्त असतो.

डावी बाजू, उजवी बाजू

मोठ्या मेंदूचा डावा अर्धा भाग शरीराची उजवी बाजू चालवतो आणि उजवा अर्धा डावी, कारण मेंदूतून उतरणारे बहुतेक चेतातंतू मानेच्या वर, मस्तिष्कस्तंभाच्या तळाशी, एकमेकांना ओलांडतात. डोक्याच्या मागे, खाली असलेल्या लहान मेंदूचे तसे नाही. त्याच्या ज्या बाजूला इजा, शरीराच्या त्याच बाजूचा तोल बिघडतो.

प्रथम चेहरा पाहावा. रुग्णाला दात दाखवायला सांगावे आणि मग भुवया उंच करायला सांगावे. ओठाचा कोपरा एका बाजूला ओघळला आहे, पण कपाळावर दोन्ही बाजूंना आठ्या पडतात, असे असेल तर दोष मोठ्या मेंदूत असण्याचा संभव अधिक, कारण कपाळाच्या स्नायूंना मेंदूच्या दोन्ही अर्ध्यांकडून आज्ञा मिळते. त्या बाजूची आठीही पडत नसेल आणि डोळाही मिटत नसेल, तर बहुधा चेहऱ्याची नसच सुजलेली असते. हा भेद जाणून घ्यावा, पण त्यावर घरी निर्णय घेऊ नये. दोन्ही प्रकारांत डॉक्टर लागतोच.

नंतर रुग्णाने दोन्ही हात समोर धरून, तळवे आकाशाकडे करून, डोळे मिटून दहापर्यंत मोजावे. दुबळा हात आपोआप खाली येतो. हात आणि चेहरा जास्त दुबळे व पाय बरा असेल, तर मेंदूच्या बाहेरच्या बाजूला रक्त देणारी मधली मोठी वाहिनी अडल्याचा संशय येतो. पायच अधिक गेला असेल, तर पुढची वाहिनी. आणि चेहरा, हात, पाय तिन्ही सारखेच गेले, पण बोलणे व समज शाबूत आहे, तर इजा बहुधा खोलवरच्या अरुंद पट्ट्यात असते. तिथे सगळे तंतू एकत्र येऊन खाली उतरतात. पावसाळ्यात चोर्ला घाटात एक दरड कोसळली की बेळगावहून गोव्याकडे जाणारी सगळी वाहने जशी एकाच जागी अडकतात, तसे तिथे शेंगदाण्याएवढी इजाही अर्धे अंग लुळे करते. अनेक वर्षे रक्तदाब आटोक्यात नसलेल्यांना हा प्रकार विशेष होतो.

हात-पाय आणि चेहरा ठीक, परंतु अचानक भोवळ, एकाच्या जागी दोन दिसणे, दारू न पिता झोकांड्या जाणे, असे असेल तर लहान मेंदू किंवा मस्तिष्कस्तंभ आठवावा. हे रुग्ण "पित्त झालंय" म्हणून घरी झोपवले जातात. आपले बोट रुग्णासमोर धरावे आणि त्याला स्वतःच्या नाकाला व आपल्या बोटाला आळीपाळीने हात लावायला सांगावे. लहान मेंदू दुखावला असेल तर त्याचे बोट थरथरत नेम चुकते.

उजव्या मेंदूची इजा ओळखणे मात्र खरोखर अवघड असते, आणि त्यासाठी आपल्या जेवणाच्या ताटाइतके चांगले साधन मला दुसरे माहीत नाही. आपल्याकडे ताटाची डावी बाजू ठरलेली आहे: मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजव्या बाजूला भाजी, आमटी. उजव्या मेंदूच्या वरच्या-मागच्या भागाला, म्हणजे पार्श्विका खंडाला इजा झालेला माणूस भात, भाजी, आमटी संपवतो आणि चटणी-कोशिंबिरीला स्पर्शही करत नाही, मग तक्रार करतो की आज चटणी वाढलीच नाही. त्याचे डोळे चांगले असतात. डावी बाजू नावाची काही गोष्ट जगात आहे, हेच त्याच्या मेंदूने सोडून दिलेले असते. ताट फिरवून ठेवले की "ही कधी वाढली?" असे तो विचारतो. असा माणूस दाढी अर्धीच करतो, सदऱ्याची एकच बाही घालतो, आणि डावा हात लुळा असूनही "मला काही झालेलं नाही" असे मनापासून सांगतो. तो हट्टी झाला आहे असे समजून घरचे रागावतात, आणि त्याला स्वतःला काही वाटत नसल्यामुळे तो दवाखान्यातही उशिरा पोचतो. अशा वेळी रुग्णाच्या म्हणण्यापेक्षा ताटावर विश्वास ठेवावा. (गिळण्याची तपासणी होईपर्यंत मात्र ताट समोर आणू नये, हे निरीक्षण पुढच्या दिवसांसाठी आहे.) मेंदूच्या मागच्या टोकाला, दृष्टीच्या भागाला इजा झाली तरी अर्धे दिसत नाही, पण तो माणूस बहुधा आपल्याला कमी दिसते हे ओळखतो आणि मान वळवून शोधतो.

भाषा कोणती गेली?

उजव्या हाताने काम करणाऱ्या जवळजवळ ९५ टक्के लोकांची भाषा मेंदूच्या डाव्या बाजूला असते. डावखुऱ्यांतही सुमारे ७० टक्क्यांची तिथेच. म्हणून उजवे अंग आणि वाचा बरोबरच जातात. पॅरिसमध्ये १८६१ साली पॉल ब्रोका यांनी एका रुग्णाची तपासणी केली. त्याला समजत सगळे होते, पण तोंडातून "तां" एवढेच निघत असे. त्याच्या मृत्यूनंतर मेंदू पाहिला तेव्हा डाव्या ललाट खंडाच्या, म्हणजे कपाळामागच्या भागाच्या, खालच्या बाजूला इजा आढळली. पुढे १८७४ मध्ये कार्ल वेर्निके यांनी डाव्या शंख खंडाच्या, म्हणजे कानाजवळच्या भागाच्या, मागच्या बाजूची इजा वेगळी असते हे दाखवले: तो माणूस घडाघडा बोलतो, पण बोलण्याला अर्थ नसतो आणि दुसऱ्याचे बोलणे त्याला कळत नाही. या दुसऱ्या प्रकाराला आपल्याकडे अजूनही वेड समजतात आणि देवऋषीकडे नेतात.

माझ्या मामांना झटका आला तेव्हा मी सोबत होतो. घरी मराठी, बाजारात कन्नड, असे त्यांचे आयुष्य. तीस वर्षे बटाट्याची पोती त्यांनी कन्नडमध्येच मोजली. दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरांना मराठी येत नव्हते. त्यांनी कन्नडमध्ये तारीख, गाव, मुलांची नावे विचारली; मामा प्रत्येक प्रश्नाला "असंच… असंच…" म्हणत राहिले, आणि कागदावर रुग्ण गोंधळलेला आहे अशी नोंद झाली. मी जवळ जाऊन म्हटले, "मामा, डोळे मिटा आणि डाव्या हातानं उजवा कान धरा." हाताने कसलीही खूण केली नव्हती. मामांनी डोळे मिटले आणि कान धरला. समज जागेवर होती. शब्दांची वाट तेवढी बंद झाली होती. दुसऱ्या दिवशी पोती मोजायला सांगितल्यावर ते "ओंदू, एरडू, मूरू" असे सरळ दहापर्यंत गेले, पण "तीन" हा एकटा शब्द त्यांना उच्चारता येईना. पाठ झालेले मोजणे, देवाचे नाव, भजनाची ओळ अशा गोष्टी वाचाघातातही, म्हणजे मेंदूच्या इजेने भाषा गेली तरी, पुष्कळदा टिकतात. नातेवाईकांना वाटते, म्हणजे बोलता येते, मुद्दामच बोलत नाहीत. तसे नसते.

सीमाभागातल्या प्रत्येक घराने म्हणून ही गोष्ट लक्षात ठेवावी: दारातच सांगावे की रुग्णाची घरची भाषा मराठी आहे, कन्नड कितपत येते, लिहिता-वाचता कोणती येते. दोन भाषांच्या माणसाला वाचाघात झाला तर पुष्कळदा दोन्ही भाषा सारख्याच दुखावतात, पण कधी एक आधी परतते. ती लहानपणची असेल की रोजच्या वापरातली, यावर एकोणिसाव्या शतकातच रिबो आणि पित्र या फ्रेंच अभ्यासकांची मते वेगळी होती, आणि रुग्णागणिक उत्तर निराळे निघते. म्हणून दोन्ही भाषांत पाहावे. तांब्या, विळी, किल्ली दाखवून नाव विचारावे. खुणेशिवाय एक काम सांगावे. एक छोटे वाक्य मागून म्हणायला लावावे. पुढे वाचा-उपचार सुरू झाले की ते रुग्णाच्या घरच्या भाषेत व्हावेत यासाठी आग्रह धरावा, आणि तसा उपचारक मिळत नसेल तर व्यायाम समजून घेऊन घरच्याने ते मराठीत करून घ्यावेत.

हळूहळू येणारे आजार

झटक्याची वेळ सांगता येते. इतर काही आजारांची वेळ नसते, पण जागा असते. चालताना एकच हात झुलेनासा होणे, अक्षर बारीक होत जाणे, वास न येणे आणि हात मांडीवर स्वस्थ असतानाच थरथरणे, ही कंपवाताची लक्षणे आहेत. मेंदूच्या तळाशी असलेल्या एका काळसर ठिपक्यातल्या डोपामीन हे हालचालींना लागणारे रसायन बनवणाऱ्या पेशी त्यात मरतात. कालच्या लग्नाला कोण आले ते आठवत नाही, पण चाळीस वर्षांपूर्वीचे सगळे आठवते, असे वाढत गेले तर शंख खंडाच्या आतील, नव्या आठवणी साठवणाऱ्या हिप्पोकॅम्पसकडे बोट जाते, कारण अल्झायमरमध्ये सहसा तिथे आधी झीज होते. आणि मुळात भिडस्त, व्यवहारी असलेला माणूस साठीत अचानक शिवराळ, उधळा, बेपर्वा झाला, तर त्याच्या स्वभावाला दोष देण्याआधी ललाट खंड तपासून घ्यावा.

फिटच्या बाबतीत सुरुवात कुठून झाली ते पाहावे. आधी उजव्या हाताचा अंगठा उडाला आणि मग ती लहर वर चढली, तर उगम डाव्या मेंदूत. आधी विचित्र वास आला, नजर थिजली, ओठ चाटल्यासारखे हलले, तर शंख खंड. कांदा, चप्पल, किल्ली यांपैकी काहीही नाकाशी वा हातात देऊ नये. कुशीवर वळवून मोबाइलवर चित्रण करावे आणि पाच मिनिटांहून अधिक चालली तर १०८ ला फोन करावा. आपल्या देशात फिटचे एक मोठे कारण मेंदूत होणारी फीतकृमीच्या अळीची गाठ हे आहे. या कृमीची अंडी अस्वच्छ हातांतून आणि न धुतलेल्या कच्च्या भाजीतून पोटात जातात, त्यामुळे शाकाहारी घरांनाही ती वगळत नाही. मळ्यातली कोथिंबीर आणि मुळा वाहत्या पाण्यात नीट धुऊनच ताटात घ्यावा.

दाराच्या आत लावायचा कागद

घरात रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयविकार असलेले कोणी असेल, तर एका कागदावर आजच लिहून ठेवावे: वय, चालू असलेल्या गोळ्यांची नावे (विशेषतः रक्त पातळ करणारी असेल तर ती ठळक), आधीचे ऑपरेशन, ऍलर्जी, उजखोरा की डावखुरा, घरची भाषा, दुसरी भाषा आणि ती किती येते. खाली तीन ओळी कोऱ्या सोडाव्यात: शेवटचे धडधाकट कधी पाहिले, आधी काय बिघडले, मग काय. कागद मराठीत लिहून खाली कन्नड किंवा इंग्रजीत उतरवून घ्यावा; शाळेत जाणारी नातवंडे हे काम सहज करतात. मामांच्या घरी तो आता दाराच्या आतल्या बाजूला, विजेच्या बिलाशेजारी, खिळ्याला लावलेला आहे, आणि "घरची भाषा" या शब्दांखाली मामीने तांबड्या शाईने दोन रेघा ओढल्या आहेत.