कच्छच्या चुनखडकाचं वय काढायला निघताना

कच्छच्या लखपत तालुक्यातला फुलरा चुनखडक पाहायचा तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी गाठा. पुढे तिथलं ऊन टिकू देत नाही. भाग सीमेलगतचा, म्हणून परवानगी कुठे लागते ते आधीच विचारून घ्या. हातोडा, छिन्नी, दहापट भिंग, कंपास, टेप, कापडी पिशव्या आणि ड्रॉपरच्या बाटलीत सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल हे नेहमीचं सामान.

खरी तयारी घरी होते. थरांचा क्रम पाठ हवा: तळाशी आपल्या सह्याद्रीतलाच डेक्कन ट्रॅप, त्यावर मातानोमढ, नरेडी, हरूडी, फुलरा, मग इओसीननंतरच्या ऑलिगोसीन काळातला मणियारा फोर्ट. वय काढायचं ते फोरॅमिनिफेरांवरून, म्हणजे कवच असलेल्या एकपेशी सागरी जीवांच्या जीवाश्मांवरून. उथळ समुद्राच्या खडकात त्यातले तरंगणारे फारसे मिळत नाहीत. भिस्त तळावर राहणाऱ्या मोठ्या जातींवर, मुख्यतः नुम्युलाइट्सवर. सेरा-किएल आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये पॅलिओसीन आणि त्यानंतरच्या इओसीन काळासाठी या मोठ्या जातींवरून मांडलेल्या २० विभागांचा तक्ता वहीत चिकटवून घ्या. फुलरा त्यातल्या १७व्या विभागात, इओसीनमधल्या बार्टोनियन टप्प्यात बसतो, म्हणजे साधारण ४ कोटी वर्षांपूर्वीचा.

मोजणी खालून वर करा. उतारावर नुम्युलाइट्सच्या नाण्यांसारख्या सुट्या चकत्या विखुरलेल्या असतात. मोह आवरा, कुठल्या थरातून घरंगळली हे माहीत नसलेली चकती वयाच्या कामाची नाही. जागच्या खडकातूनच नमुना काढा, वरच्या बाजूचा बाण आणि पातळीची उंची लिहा, चिठ्ठी पिशवीच्या आतही टाका. प्रत्येक पातळीतून मूठभर नमुने हवेतच, कारण एका चकतीवर वय ठरत नाही.

परतल्यावर लागणारी जुळणीही आधीच करा: चिमटा, स्पिरिटचा दिवा, गार पाण्याची वाटी, गॉगल. चकती चिमट्यात धरून तापवायची आणि पाण्यात टाकायची. नीट जमलं तर ती मधोमध उकलते, आतलं वेटोळं आणि मधला पहिला कप्पा दिसतो. एकाच जातीच्या लहान चकत्यांत हा कप्पा मोठा असतो, मोठ्या चकत्यांत अगदी सूक्ष्म. मोजायच्या त्या लहान. काही वंशांत कप्प्याचा सरासरी व्यास काळानुसार वाढत जातो, म्हणून सूक्ष्मदर्शकात मोजपट्टीची काच आधीच बसवून ठेवा.

डिस्कोसायक्लिना ही चकतीसारखीच दुसरी मोठी फोरॅमिनिफेरा इओसीनच्या अखेरीस नामशेष झाली. मणियारा फोर्टच्या थरात ती दिसली तर वय बदलण्याआधी कडा झिजल्यात का ते भिंगातून पाहा. जुन्या थरातून वाहून आलेली असू शकते.