ओपन सोर्स प्रकल्पाचं डॉक्युमेंटेशन कसं आवरावं

ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या, प्रकल्पाचं डॉक्युमेंटेशन (वापराची माहिती देणारी पानं) सुधारायचं ठरलं की पहिला उत्साह नवं पान लिहिण्याचा असतो. तो जरा आवरा. बहुतेक प्रकल्पांत पानांचा तुटवडा नसतो. एकाच गोष्टीची तीन पानं असतात आणि तिन्हींचं एकमेकांशी पटत नाही. कोड ठेवण्याची साइट असलेल्या गिटहबच्या २०१७ च्या ओपन सोर्स पाहणीत ९३ टक्के लोकांनी अपुऱ्या किंवा शिळ्या डॉक्युमेंटेशनची तक्रार केली होती. त्याच पाहणीत ६० टक्के योगदानकर्ते म्हणाले, आम्ही डॉक्युमेंटेशनला क्वचितच हातभार लावतो किंवा कधीच नाही.

आधी मोजदाद करा. रीडमी (प्रकल्पाची पहिली ओळख करून देणारी फाइल), विकी, डॉक्स फोल्डर, कुणीतरी कधीतरी बनवलेली शेअर्ड फाइल, सगळं एका तक्त्यात उतरवा: पान कुठे आहे, कशाबद्दल आहे, शेवटचा बदल कधी झाला, कोण सांभाळतं. तारीख गिटच्या (फाइलींतल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या साधनाच्या) लॉगमध्ये मिळेल, पण तिच्यावर विसंबू नका. गेल्या महिन्यात कुणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं असेल, तर पाच वर्षांचं जुनं पानही ताजं दिसतं. नेमकं काय बदललं ते उघडून पाहा. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या जुन्या आवृत्तीचा, पायथन २ चा, पाठिंबा १ जानेवारी २०२० ला संपला. ते इन्स्टॉल करायला सांगणारं पान अजून सापडलं, तर त्याचं वय वेगळं शोधायला नको.

मग काढा, जोडा. प्रत्येक पानापुढे ‘ठेवा’, ‘दुसऱ्यात जोडा’ किंवा ‘काढा’ लिहा. काढताना हात अडखळतो, कारण कुणीतरी रात्री जागून ते लिहिलेलं असतं. मूळ लेखकाला पुल रिक्वेस्टमध्ये (बदल स्वीकारा, अशी प्रकल्पाला केलेली विनंती) टॅग करून विचारा. जुना मजकूर गिटच्या इतिहासात राहतोच. मात्र पत्ता बदलला तर रीडायरेक्ट (जुन्या पत्त्यावरून आपोआप नव्यावर नेणं) लावायला विसरू नका; जुने दुवे लोकांच्या बुकमार्कमध्ये आणि कुठल्या कुठल्या उत्तरांत पडून असतात.

आता एका नवख्याला बसवा. माझ्या मते सगळ्यात जास्त फळ इथे मिळतं. प्रकल्प कधीच न पाहिलेला माणूस, कोरं मशीन आणि इन्स्टॉलचं पान. तुम्ही शेजारी बसायचं आणि तोंड उघडायचं नाही. हे वाटतं त्यापेक्षा बरंच अवघड आहे.

समजा पानावर लिहिलंय: ‘फक्त डेटाबेस सेट करा आणि सर्व्हर सुरू करा.’ नवखा इथेच थांबतो. कोणता डेटाबेस? नाव काय द्यायचं? टेबलं कोण बनवणार? ज्याने हे वाक्य लिहिलं त्याच्या मशीनवर सगळं आधीपासून होतं, म्हणून त्याला ते एका ओळीचं काम वाटलं. तेच असं लिहून पाहा (पोस्टग्रेस हा डेटाबेस सांभाळणारा प्रोग्रॅम, मायग्रेशन म्हणजे टेबलं बनवणं-बदलणं): ‘पोस्टग्रेस चालू आहे ना, ते तपासा. नोंदवही नावाचा रिकामा डेटाबेस बनवा. सर्व्हर पहिल्यांदा सुरू होताना टेबलं आपोआप तयार होतात. स्क्रीनवर “मायग्रेशन पूर्ण” अशी ओळ दिसली की झालं.’ शेवटचं वाक्य गाळू नका. काम फत्ते झालं हे कशावरून ओळखायचं, तेच बहुतेक पानं सांगत नाहीत. आणि ‘फक्त’, ‘सोपं आहे’ हे शब्द काढून टाका. अडकलेल्या माणसाला ते टोमण्यासारखे लागतात.

नवख्याला जी एरर आली, ती शब्दशः पानावर घाला. लोक तीच कॉपी करून शोधतात.

पानं प्रकारांनुसार लावा. डायटॅक्सिस नावाच्या पद्धतीत चार प्रकार मानतात: शिकवणारं ट्युटोरियल, एखादं काम कसं करावं ते सांगणारी मार्गदर्शिका, तपशिलाचा संदर्भ आणि ‘असं का’ याचं स्पष्टीकरण. वेबसाइट बनवण्याच्या जँगो या साधनाचं डॉक्युमेंटेशनही साधारण असंच विभागलेलं आहे. ट्युटोरियलच्या मध्येच सगळ्या सेटिंग्जचा तक्ता आला की शिकणाऱ्याचा धागा तुटतो, हे ध्यानात ठेवलं तरी पुष्कळ झालं. दहा पानांच्या प्रकल्पाला चार फोल्डर कशाला?

लोकांना हात लावायला जागा ठेवा. प्रत्येक पानावर ‘हे पान संपादित करा’ असा दुवा द्या. कॉन्ट्रिब्यूटिंग फाइलमध्ये (हातभार कसा लावावा ते सांगणारी फाइल) मजकूर कुठल्या फोल्डरमध्ये आहे आणि बदल केल्यावर पान आपल्या मशीनवर कसं बघायचं, तेवढं लिहा. ‘डॉक्युमेंटेशन सुधारा’ अशा इश्यूला (नोंदवलेल्या कामाला) कुणी हात लावत नाही. ‘इन्स्टॉल पानाच्या तिसऱ्या पायरीत विंडोजची कमांड नाही’ असं लिहून त्याला ‘गुड फर्स्ट इश्यू’ (नवख्याने सुरुवातीला घ्यावं असं काम) लेबल लावलं, तर घेणारा मिळण्याची शक्यता बरीच वाढते.

राहता राहिली देखभाल. मजकूर कोडच्याच रिपॉझिटरीत (गिटने सांभाळलेल्या साठ्यात) ठेवा आणि प्रोग्रॅमची वागणूक बदलणाऱ्या पुल रिक्वेस्टमध्ये संबंधित पानाचा बदलही मागा. कोडओनर्स फाइलमध्ये डॉक्स फोल्डरपुढे दोन नावं घातली की रिव्ह्यूची विनंती आपोआप त्यांच्याकडे जाते. एकच नाव घातलंत, तर तो माणूस सुट्टीवर गेला की सगळं अडतं. तुटके दुवे सीआयला (प्रत्येक बदलानंतर आपोआप तपासण्या चालवणाऱ्या व्यवस्थेला) तपासू द्या. आणि रिलीजच्या चेकलिस्टमध्ये एक ओळ वाढवा: इन्स्टॉलचं पान कोऱ्या मशीनवर पहिल्यापासून शेवटपर्यंत चालवून पाहिलं का?