मृगापूर्वी मोटारीची उघडी केबल पाइपात घाला: खरीपपूर्व सल्ला

रोहिणी नक्षत्र लागले आहे आणि मृगाला जेमतेम दोन आठवडे उरले आहेत. बियाणे आणि खते यांची धावपळ सगळीकडे सुरू आहे, परंतु यंदा त्याआधी एक काम पूर्ण करावे अशी कळकळीची विनंती आहे. स्टार्टरच्या पेटीपासून विहिरीपर्यंत किंवा बोअरपर्यंत बांधावरून उघडी लोळणारी केबल पहिल्या पावसाच्या आत जमिनीत पुरून घ्यावी किंवा पाइपात घालावी.

या एका दुर्लक्षामुळे हातची पिके गेलेली मी पाहिली आहेत. वखराची पास, ट्रॅक्टरचे चाक, बैलाचा खूर किंवा उंदराचे दात लागून केबलच्या आवरणाला चीर पडते. उन्हाळ्यात मोटार चालत राहते म्हणून तिकडे कोणी पाहत नाही. ऑगस्टमध्ये पावसाचा खंड पडतो, सोयाबीन शेंगा भरण्याच्या अवस्थेत असते, मोटार सलग चालवावी लागते आणि नेमका त्याच वेळी अर्धवट तुटलेला फेज (विजेच्या तीन तारांपैकी एक) पूर्ण तुटतो. तीन फेजची मोटार दोन फेजवर घुमत राहते, उरलेल्या दोन तारांतून प्रमाणापेक्षा जास्त प्रवाह ओढते आणि स्टार्टरचा ओव्हरलोड रिले (प्रवाह वाढला की मोटार बंद करणारा भाग) पडू नये म्हणून बांधून ठेवलेला असेल तर काही मिनिटांत वाइंडिंग, म्हणजे मोटारीतील तारेची गुंडाळी, जळते. रिवाइंडिंगला आठवडा जातो, आणि शेंगा भरणारे सोयाबीन तेवढा काळ थांबत नाही.

सबमर्सिबल मोटारीची चपटी केबल विहिरीत किंवा बोअरमध्ये पाइपाला बांधून उभी सोडण्यासाठी केलेली असते; बांधावरून ओढण्यासाठी नव्हे. विहिरीच्या काठापासून स्टार्टरपर्यंत आयएस १५५४ मानकाची, आयएसआय चिन्ह असलेली आर्मर्ड (लोखंडी कवचाची) केबल वापरावी. केबल पुरण्यासंबंधीच्या आयएस १२५५ या मानकानुसार कमी दाबाची केबल किमान ७५ सेंटिमीटर खोल असावी. ट्रॅक्टरचा नांगर साधारण २० ते ३० सेंटिमीटर खोल जातो आणि सबसॉयलर (खालची घट्ट माती फोडणारे अवजार) त्याहूनही खाली उतरतो, हे लक्षात घेतले की ही खोली जास्त वाटणार नाही. चराच्या तळाशी वाळूचा थर द्यावा, केबलवर पुन्हा वाळू टाकून विटा आडव्या मांडाव्यात आणि मगच माती लोटावी. दर वळणावर खुणेचा दगड रोवावा, कारण पुढच्या वर्षी जेसीबीवाल्याला केबल कुठून गेली आहे हे आठवणीने सांगता येत नाही. गाडीवाटेखाली खोली एक मीटर ठेवून केबल पाइपातूनच न्यावी.

भेगाळ काळ्या जमिनीत केबल ताठ ओढून पुरू नये. उन्हाळ्यात माती आकसते, पावसात फुगते आणि त्या ओढाताणीत जॉइंट सुटतो. म्हणून ती सापासारखी नागमोडी, थोडी सैल टाकावी. चिकटपट्टीचा जॉइंट जमिनीखाली कधीच ठेवू नये. जोड टाळता येत नसेल तर तो जमिनीच्या वर, झाकणाच्या बंद पेटीत घ्यावा.

मुरमाड किंवा खडकाळ रानात चर निघत नसेल तर जाड जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप बांधाच्या कडेने पक्का बसवावा. तिन्ही फेजच्या तारा एकाच लोखंडी पाइपातून न्याव्यात. वेगवेगळ्या पाइपांतून नेल्यास पाइप तापतात. पाइपाच्या तोंडाला बुश (गुळगुळीत कडेचे कडे) बसवावा, नाहीतर त्याची धार केबल कापते. घरातील वायरिंगचा पांढरा पीव्हीसी पाइप उन्हात ठिसूळ होतो. त्यापेक्षा तुषार संचाचा जुना काळा एचडीपीई पाइप माझ्या अनुभवात अधिक टिकला आहे. केबल जमिनीतून वर येते तेथे पुरुषभर उंचीपर्यंत लोखंडी पाइप लावावा आणि वरचे तोंड खाली वळवावे, म्हणजे पाणी आत उतरणार नाही. उसाच्या रानात पाइपाच्या तोंडाशी मी बाभळीचे काटे गच्च बसवतो. याला कोणत्याही मानकाचा आधार नाही, पण तेथे उंदीर कमी फिरकतात असे मला दिसले आहे.

केबल कुरतडली की दुकानात नवी मोटार, महागडे पॅनेल किंवा उंदीर पळवणारा फवारा सुचवला जातो. यांपैकी कशानेही केबलची चीर बुजत नाही. तो पैसा आधी पाइप, वाळू आणि विटांवर खर्च करावा. स्टार्टरचा रिले मोटारीच्या पाटीवरील ॲम्पिअरनुसार परवानाधारक वायरमनकडून लावून घ्यावा.

या पंधरवड्यातील इतर कामे:
– वखराची शेवटची पाळी, धसकटे वेचणे
– घरच्या सोयाबीन बियाण्याची उगवण तपासणे, किमान ७० टक्के
– बीजप्रक्रिया: आधी बुरशीनाशक, नंतर रायझोबियम (जिवाणू खत), १० किलो बियाण्यास २५० ग्रॅम
– पेरणी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावर, वाफशावर
– पेरणीची खोली ३ ते ५ सेंटिमीटर

वीज रात्रीच्या पाळीत असेल तर ओल्या बांधावरून अंधारात मोटारीकडे जाणारा माणूस चिरलेल्या केबलवर पाय ठेवू शकतो, म्हणून हा केवळ पिकाचा प्रश्न नाही. केबलचे आर्मर, लोखंडी पाइप आणि मोटारीची बॉडी यांचे अर्थिंग वेगळ्या तारेने पक्के करावे. आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) वारंवार पडते म्हणून ती काढून टाकणारे अनेक शेतकरी मला भेटतात. ती पडते याचा अर्थ कुठेतरी प्रवाह गळतो आहे, आणि आधी ती गळती शोधली पाहिजे. महावितरणची तार तुटून पडली असेल तर तिला हात न लावता १९१२ वर कळवावे.

काम करण्यापूर्वी मुख्य फ्यूज काढून सोबत ठेवावेत. काम झाल्यावर, मोटार जोडण्यापूर्वी, ५०० व्होल्टच्या मेगरने (केबलचे आवरण किती पक्के आहे हे मोजणारे यंत्र) केबल तपासून घ्यावी. वाचन १ मेगओहमच्या खाली आल्यास ती केबल वापरू नये. हीच तपासणी पहिल्या दमदार पावसानंतर आणखी एकदा करावी, कारण कोरड्या मातीत लपलेली चीर ओल लागल्यावरच कळते.