जुन्या गाडीच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या आणि प्लॅस्टिकच्या खिडक्या : या चुका टाळा

पावसाळा संपला की जुन्या गाड्या बाहेर निघतात आणि माझ्याकडे तीच तक्रार येते. "दादा, मेटल पॉलिशचा अख्खा डबा संपला, पण खिडकीची पट्टी काही चमकत नाही." मी आधी चिंधी दाखवायला सांगतो. चिंधी स्वच्छ असते, आणि सगळं उत्तर तिथेच असतं. उघडं ॲल्युमिनियम घासलं की चिंधी लगेच काळी पडते. पडली नाही, तर तुम्ही धातूपर्यंत पोचलेलाच नाही.

फोक्सवॅगन बीटलच्या खिडक्यांभोवतीची, रबराच्या खाचेत बसणारी पट्टी ॲनोडाइज केलेली असते. हा वरून मारलेला रंग नसतो. आम्लात वीज सोडून धातूच्याच पृष्ठभागाचं ऑक्साइड केलेलं असतं. थर काही मायक्रॉनचाच, पण माणिक आणि नीलम ज्याचे बनतात तेच हे ॲल्युमिनियम ऑक्साइड, त्यामुळे कमालीचा कठीण. पन्नास वर्षांच्या उन्हापावसाने आलेला दुधाळपणा आणि पांढरे ठिपके या थरातच किंवा त्याच्या खाली असतात. वरून कितीही पॉलिश लावा, काही होत नाही. खात्री हवी असेल तर मल्टिमीटरची दोन टोकं पट्टीवर हलकेच टेकवा. थर शाबूत असेल तर वीज वाहत नाही.

थर काढायचा तर कॉस्टिक सोडा लागतो, आणि इथेच उतावळी माणसं पट्ट्या गमावतात. चिंचवडचा एक मुलगा बीटलच्या मागच्या काचेच्या पट्ट्या घेऊन आला होता. त्याने कुठेतरी व्हिडिओ पाहिला, अंदाजाने कडक द्रावण केलं, पट्ट्या बुडवल्या आणि जेवायला गेला. परत आला तेव्हा टब उकळत होता. पट्टीची खाचेत बसणारी कड कागदासारखी झाली होती, आणि पृष्ठभाग किसणीसारखा खरबरीत. मी ती उचलली तर कड बोटातच दुमडली. त्या गाडीच्या सगळ्या पट्ट्या मूळच्या होत्या, कोणी कधी हात लावलेला नव्हता. तशी दुसरी पट्टी शोधायला त्याला दीड वर्ष लागलं. मला आजही त्याचं वाईट वाटतं, कारण बाकी पोरगा मेहनती होता.

माझी पद्धत अशी. चार इंची पीव्हीसी पाइप उभा चिरून पन्हळ करतो आणि दोन्ही टोकं बंद करतो. लांब पट्टी त्यात आडवी मावते. एक लिटर पाण्यात साधारण 50 ग्रॅम सोडा, त्याहून जास्त नाही. सोडा पाण्यात घालायचा, पाणी सोड्यावर कधीच ओतायचं नाही. डोळ्यांवर चष्मा, हातात रबरी मोजे, काम उघड्यावर आणि जवळपास विडी-काडी नको, कारण निघतो तो हायड्रोजन असतो. मग तिथेच उभं राहायचं. सुरुवातीला बुडबुडे तुरळक येतात. थर गेला की एकदम फसफसायला लागतं. त्याच क्षणी पट्टी बाहेर आणि भरपूर पाण्याखाली. वर काळी काजळी राहते, ती मिश्रधातूतल्या तांब्या-सिलिकॉनची. ती पुसली जाते, तिला घाबरू नका. घड्याळ लावून हे काम होत नाही, डोळ्यांनीच होतं.

नंतर वॉटर पेपर, म्हणजे पाणी लावून घासायचा पॉलिश कागद (नंबर मोठा तितका बारीक) : 400, 600, 800, 1000, 1500. मधला नंबर गाळू नका. 400 च्या रेघा 1000 ने जात नाहीत. बफिंगच्या, म्हणजे चमक आणायच्या कापडी चाकावर त्या जास्तच उठून दिसतात, मग पुन्हा पहिल्यापासून. चाकावर पट्टी नुसती हातात धरू नका. आतल्या खाचेत बसेल अशी लाकडी पट्टी तासून घ्या आणि तिच्यावर चढवूनच बफ मारा. चाकाने कड पकडली की पट्टीचा वेटोळा होतो आणि मनगटही जातं.

चमकवलेली पट्टी पुन्हा ॲनोडाइज करायची असेल तर भोसरीत करणारे पुष्कळ आहेत, पण स्पष्ट सांगा : आधीचं एचिंग नको. त्यांचं रोजचं काम खिडक्या-दारांच्या सेक्शनचं, त्यात सोड्याचा हात मारून मॅट करतात. माझी आरशासारखी झालेली एक जोडी अशीच दुधाळ होऊन परत आली. त्यांचा दोष नव्हता, मी सांगितलं नव्हतं. ॲनोडाइज करायचं नसेल तर महिन्याला वॅक्स लावा. क्लिअर लॅकर मला पटत नाही. कडेने पाणी शिरतं आणि पापुद्रे सुटतात.

बसवताना पट्टी आधी रबरात, मग काच-रबर-पट्टी असं सगळं एकत्र, रबराच्या बाहेरच्या खाचेत घातलेली दोरी आतून ओढून गाडीत. काच बसवल्यावर पट्टी खुपसणारे हमखास कोपऱ्यात मुरड पाडतात, आणि ती मुरड कधीच पूर्ण जात नाही.

स्टील वूल ॲल्युमिनियमवर नको. लोखंडाचे कण रुतून बसतात आणि गंजाचे ठिपके उठतात.

आता प्लॅस्टिक. जीपच्या दारात बहुतेकांनी ॲक्रिलिक शीट लावलेली असते, टपाच्या खिडक्या मऊ पीव्हीसीच्या. दोन्हींची औषधं वेगळी. कोल्हापूरकडच्या एका मित्राच्या जीपला रंग मारला, ॲक्रिलिकवर उडालेले शिंतोडे पेंटरने थिनरच्या बोळ्याने पुसले. संध्याकाळी खिडकी लख्ख होती. सकाळी प्रत्येक स्क्रूच्या भोकापासून केसाएवढ्या भेगांचं जाळं निघालेलं, उन्हात धरलं की चांदीसारखं चमकणारं. आवळलेल्या स्क्रूंचा ताण शीटमध्ये होताच, थिनरने त्याला वाट दिली. हे पॉलिशने भरत नाही, शीट बदलावीच लागते. थिनर, पेट्रोल, अमोनियाचा काच-क्लीनर, यातलं काहीही नको. साबणाचं पाणी आणि मऊ सुती फडकं, आणि तेही धूळ पाण्याने वाहवून दिल्यावरच.

भोकं स्क्रूच्या मापाची पाडणं ही त्याच्याच जोडीची चूक. एक मीटर ॲक्रिलिक 30 अंश तापलं की जवळपास दोन मिलिमीटर वाढतं, लोखंडी दार अर्धा मिलिमीटरही नाही. भोक दीड-दोन मिलिमीटर मोठं ठेवा, खाली रबरी वॉशर घाला आणि शीट बोटाने हलेल इतपतच आवळा.

ओरखडे काढायला वॉटर पेपर 2000 पर्यंत, पाणी सोडत, मग प्लॅस्टिकचं पॉलिश हाताने. मशिन लावलंच तर मंद. ॲक्रिलिक शंभर अंशांच्या आसपास मऊ पडतं, आणि एकाच जागी रेंगाळलेलं चाक तिथवर चटकन पोचतं. टूथपेस्ट बारीक ओरखड्याला चालते, पण खोल ओरखड्यावर वेळ घालवू नका.

पीव्हीसीची खिडकी पिवळी पडून कडक झाली असेल तर घासत बसू नका. पिवळेपणा आतपर्यंत गेलेला असतो आणि तिला मऊ ठेवणारं द्रव्य उडून गेलेलं असतं. शिंप्याकडून नवा तुकडा शिवून घ्या. आणि तो नवा तुकडा हिवाळ्यात भल्या पहाटे गुंडाळू नका. गार पीव्हीसी घडीवर चिरते. मी टप तासभर उन्हात ठेवतो आणि घडीत जुन्या धोतराचा तुकडा घालूनच गुंडाळतो.