तळ्याकाठची भिंत सगळ्यांनी मिळून कशी रंगवावी

तळ्याचं चित्र काढायचं म्हटलं की हात आपोआप कमळ आणि राजहंसाकडे वळतो. पुण्यातल्या पाषाण तलावावर मात्र दिसतात ते वारकरी पक्षी, टिबुकल्या, हळदी-कुंकू बदकं आणि पाणकणसात वावरणाऱ्या जांभळ्या पाणकोंबड्या. ज्या तळ्यासाठी भिंत रंगवायची, तिथलेच रहिवासी भिंतीवर यावेत, असा माझा आग्रह आहे. आपल्या शेजारी कोण राहतं हे कळल्याशिवाय ते वाचवावंसं वाटत नाही.

म्हणून रंग आणण्याआधी वस्तीतल्या मुलांना आणि आजी-आजोबांना घेऊन सकाळी सातच्या आत तळ्यावर जा. सोबत दुर्बीण आणि वही असू द्या. वारकऱ्याचं अंग काळं, चोच आणि कपाळ पांढरंशुभ्र, डोळा लाल, असं बघून लिहा. टिबुकली बुडी मारून भलतीकडेच वर येते, वंचक बगळा काठावर मातीत मिसळून उभा असतो. या सवयी टिपल्या की चित्र जिवंत होतं. थापट्या बदकं हिवाळ्यात येतात. जुन्या रहिवाशांना पूर्वी इथे काय दिसायचं तेही विचारा.

मग भिंत. ती कोणाची आहे ते शोधून लेखी परवानगी घ्या: सोसायटीची असेल तर कमिटीची, महापालिकेची असेल तर क्षेत्रीय कार्यालयाची. झाडाचा बुंधा किंवा काठावरचा खडक रंगवायचा नाही. ओल तपासायला हातभर प्लॅस्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर रात्रभर लावून ठेवा. सकाळी आत थेंब जमले असतील तर ती भिंत सोडा, तिथला रंग फुगून पोपडे धरणारच. पुण्यात हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करावं.

तारेच्या ब्रशने सुटा रंग आणि शेवाळ खरवडा, धुवा, पूर्ण वाळू द्या. भेगा बाहेरच्या कामाच्या पुट्टीने भरा, वर प्रायमर मारा. रंग पाण्यात मिसळणारा, बाहेरच्या भिंतीसाठीचा इमल्शन घ्या.

रचनेत पाण्याची रेघ मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवा. तिच्याखाली मासे आणि चतुराच्या अळ्या, रेघेवर पाणकणीस, वर पक्षी. जलपर्णी मात्र विचार करून काढा. तिची जांभळी फुलं देखणी असतात, पण ही मूळची दक्षिण अमेरिकेतली वनस्पती सांडपाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर फोफावते, पाण्यावर झाकण घालते, खाली ऊन पोचत नाही आणि पाण्यातला प्राणवायू घटतो. म्हणून तिच्या चटईखालचं पाणी काळं, निर्जीव दाखवा आणि शेजारीच उघडं, उजळ पाणी. मधोमध सांडपाण्याचा नाला आला, तर बघणाऱ्याला कारणही कळेल.

कागदावर 1 इंच म्हणजे भिंतीवर 1 फूट असं प्रमाण धरा. 6 फूट उंच, 20 फूट लांब भिंतीचा आराखडा 6 बाय 20 इंचांत बसतो. नीळ लावलेल्या दोरीने भिंतीवर सूत मारून चौकोन पाडा आणि एकेक चौकोन उतरवा. मग प्रत्येक आकारात आकडा लिहा, तोच आकडा रंगाच्या डब्यावर. आता पाच वर्षांचं पोरही 3 नंबरचं निळं पाणी भरू शकतं. शिडीवरचं काम मोठ्यांनीच करावं. डोळे, चोची आणि कडा शेवटी चित्रकलेचा हात असलेल्यांवर सोपवा.

ब्रश धुण्याकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या. हे रंग म्हणजे पातळ केलेलं प्लॅस्टिकच. रस्त्याकडेच्या पावसाळी गटारात ओतलेलं पाणी नाल्याने राम नदीत आणि तिथून तलावात जातं. ब्रश आधी रद्दीवर पुसा, मग बादलीत धुवा. बादली तशीच ठेवा, गाळ खाली बसू द्या, वरचं पाणी पुढच्या धुण्याला वापरा. उरलेला गाळ उन्हात कडक वाळवून सुक्या कचऱ्यात द्या.

भिंतीचा एक कोपरा कोरा ठेवा. दर हिवाळ्यात नव्याने दिसलेला पक्षी तिथे काढता येईल. प्रत्येक रंगाची छोटी बाटली नाव-नंबर लिहून जपा. पावसाळा संपला की मऊ ब्रशने, साध्या पाण्याने भिंत पुसा आणि जिथे रंग उडालाय तिथे त्याच बाटलीतून हात फिरवा.