विमानाचे अंतर आणि प्रवासाचा वेळ काढताना या चुका टाळा

लंडन ते न्यूयॉर्क हे हवाई अंतर सुमारे ५,५४० किलोमीटर आहे आणि प्रवासी विमान ताशी साधारण ९०० किलोमीटर वेगाने उडते, तेव्हा भागाकार करून सहा तास दहा मिनिटे असे उत्तर येते. तिकिटावर मात्र जाताना आठ आणि परतताना सात तासांच्या आसपास वेळ दिसतो. भागाकार चुकलेला नसतो. ९०० हा वेग उंचीवर स्थिरावलेल्या विमानाचा असतो, तर तिकिटावरच्या वेळात विमान जागेवरून हलल्यापासून धावपट्टीकडे जाणे, चढणे, उतरणे आणि पुन्हा थांब्याला लागणे हे सारे धरलेले असते. शिवाय या मार्गावर जेट प्रवाह, म्हणजे खूप उंचीवरचा वेगवान वारा, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. फेब्रुवारी २०२० मध्ये त्याच्या जोरावर एक प्रवासी विमान न्यूयॉर्कहून पाच तासांच्या आत लंडनला पोहोचले होते. म्हणून एका दिशेचा वेळ दुप्पट करून परतीसह हिशेब मांडू नये.

तिकिटावरच्या दोन्ही वेळा स्थानिक असतात, हे विसरल्यास तर उत्तर हास्यास्पद येते. टोकियोहून संध्याकाळी पाचला निघालेले विमान लॉस एंजेलिसला त्याच तारखेच्या सकाळी दहाला उतरते, कारण वाटेत वार रेषा ओलांडली जाते. हिवाळ्यात या वेळा जागतिक प्रमाणवेळेत बदलल्या, तर सकाळचे आठ आणि संध्याकाळचे सहा होतात, म्हणजे प्रवास दहा तासांचा. उन्हाळी वेळेचाही, म्हणजे उन्हाळ्यापुरती घड्याळे एक तास पुढे करण्याच्या पद्धतीचाही, घोळ आहेच: अमेरिकेतील घड्याळे मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात, ब्रिटनमधील शेवटच्या रविवारी, त्यामुळे मधल्या दोन-तीन आठवड्यांत लंडन आणि न्यूयॉर्कमधला फरक पाचऐवजी चार तासांचा असतो.

अक्षांश-रेखांशांवरून अंतर काढणाऱ्यांची नेहमीची चूक म्हणजे पश्चिम रेखांशाचे उणे चिन्ह गाळणे. न्यूयॉर्कच्या विमानतळाचा रेखांश उणे ७३.७८ आहे, उणे गेले की तो बिंदू थेट किर्गिझस्तानात पडतो. गंमत अशी, की लंडन शून्य रेखांशाला खेटून असल्यामुळे तिथून हे चुकीचे अंतरही ५,६०० किलोमीटरच्या जवळपास येते आणि कोणाला शंकाही येत नाही. हीच चूक टोकियो–लॉस एंजेलिसच्या बाबतीत केली, की सुमारे ८,८०० किलोमीटरचे अंतर जेमतेम २,००० वर येते. आपले सूत्र तपासायचे असेल, तर माझ्या मते दुसरी जोडीच घ्यावी.

आकडा एवढा चमत्कारिक नसून खऱ्याच्या साधारण ५४ टक्के भरत असेल, तर तो बहुधा सागरी मैलांत आहे. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. उलट अंतर अवाजवी जास्त येत असेल, तर सपाट नकाशावर सरळ रेघ मारलेली असण्याची शक्यता असते. गोलावरचा सर्वांत जवळचा मार्ग नकाशावर वाकडा दिसतो. टोकियो–लॉस एंजेलिस मार्ग त्यामुळेच दोन्ही शहरांच्या बराच उत्तरेकडून जातो.